न वाचलेली संमती
घरच्या संगणकातील आगंतुक सॉफ्टवेअर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

निवृत्तीनंतर आपल्या आठवणी मराठीत टंकित करून ठेवाव्यात, अशी इच्छा धरून एखादे वडीलधारे गृहस्थ घरच्या संगणकापुढे बसतात, ‘मराठी टायपिंग मोफत’ असा शोध घेतात, समोर आलेल्या तीन-चार ‘डाउनलोड’ बटणांपैकी जे सर्वांत ठळक असेल ते दाबतात, आणि पुढे उघडणाऱ्या प्रत्येक चौकटीत ‘नेक्स्ट’ दाबत काम उरकतात. आठ दिवसांनी ब्राउझर उघडताच अनोळखी शोधपान समोर येते, पडद्याच्या कोपऱ्यातून जाहिराती डोकावू लागतात, आणि कधीही न मागवलेला एक ‘वेगवर्धक’ संगणकात शेकडो दोष असल्याची द्वाही फिरवतो. जन्मभर कोणत्याही दस्तऐवजावर वाचल्यावाचून सही न करणाऱ्या या गृहस्थांनी एक करारनामा न वाचता मंजूर केलेला असतो; आणि तो त्यांनी न वाचावा, अशाच बेताने त्या चौकटींची रचना केलेली असते.

या रचनेच्या मुळाशी रोख व्यवहार आहे. मोफत सॉफ्टवेअर वाटणाऱ्याला त्याच्यासोबत दुसऱ्याचे सॉफ्टवेअर बांधून पाठवल्याबद्दल दर इन्स्टॉलेशनमागे मोबदला मिळतो. गूगल आणि न्यू यॉर्क विद्यापीठ येथील संशोधकांनी 2016 साली या व्यापाराचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा हा दर दीड डॉलरपर्यंत जात असल्याचे आढळले; अशा सॉफ्टवेअरविषयी गूगलची यंत्रणा आठवड्याला 6 कोटींहून अधिक इशारे देत होती, आणि ही संख्या उघड घातक सॉफ्टवेअरविषयीच्या इशाऱ्यांच्या तिप्पट होती. इतक्या मोठ्या उद्योगाविषयी घरोघरी काही समजुती रूढ झाल्या आहेत, आणि त्यांतील पुष्कळशा त्या उद्योगाच्याच पथ्यावर पडणाऱ्या आहेत.

गैरसमज 1 : नामांकित सॉफ्टवेअरबरोबर किंवा नव्या कोऱ्या संगणकात असले काही येत नाही.

वस्तुस्थिती : ओरॅकल कंपनीच्या जावा या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरबरोबर ‘आस्क’ नावाचा टूलबार कित्येक वर्षे येत असे, आणि त्याच्या संमतीच्या चौकोनात खूण आधीच केलेली असे. मुक्त सॉफ्टवेअरचे भांडार म्हणून विश्वास कमावलेल्या सोर्सफोर्जने 2013 साली अशी जोडणी सुरू केली, तेव्हा गिम्प या चित्रसंपादन सॉफ्टवेअरच्या कर्त्यांनी ते स्थळ सोडले. पुढे 2016 साली मालकी बदलल्यावरच ती पद्धत बंद झाली. नव्या यंत्राचा दाखला तर अधिक गंभीर आहे. लेनोव्होच्या काही लॅपटॉपमध्ये 2014 सालच्या उत्तरार्धात ‘सुपरफिश’ नावाचे जाहिराती घुसडणारे सॉफ्टवेअर कारखान्यातूनच घालून दिले जात होते, आणि बँकेच्या व्यवहारासाठी वापरल्या जाणाऱ्या सुरक्षित जोडणीतही ते मध्यस्थासारखे बसत असे. तेव्हा यंत्राच्या नवेपणावर किंवा नावलौकिकावर विसंबून न राहता आत काय आहे ते पाहणे, हाच शहाणपणाचा मार्ग होय.

गैरसमज 2 : हा व्हायरस आहे, तेव्हा अँटिव्हायरस त्याचा आपोआप बंदोबस्त करील.

वस्तुस्थिती : व्हायरस चोरवाटेने शिरतो; हे सॉफ्टवेअर आपण दिलेल्या, निदान कागदोपत्री दिलेल्या, संमतीने आत येते. या कायदेशीर मुखवट्यामुळेच त्याला ‘संभाव्य अनावश्यक’ अशा वेगळ्या वर्गात ठेवतात, आणि त्याविरुद्धचे संरक्षण पुष्कळदा निराळे सुरू करावे लागते. विंडोज 10 मध्ये मे 2020 च्या आवृत्तीपासून ही सोय आहे. ‘विंडोज सिक्युरिटी’मधील ‘ॲप अँड ब्राउझर कंट्रोल’ या विभागात जाऊन, तेथील ‘रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन’च्या सेटिंग्जमध्ये अनावश्यक ॲप अडवण्याची कळ चालू आहे किंवा नाही, याची प्रत्येकाने एकदा खातरजमा करावी.

गैरसमज 3 : चिन्ह पुसले, किंवा फार तर अनइन्स्टॉल केले, की काम संपले.

वस्तुस्थिती : डेस्कटॉपवरील चिन्ह पुसणे म्हणजे दारावरची पाटी काढणे, आतल्या बिऱ्हाडाला त्याने काहीच धक्का लागत नाही. अनइन्स्टॉल हा खरा आरंभ, परंतु तोही पुरेसा असतोच असे नाही. सुपरफिश काढून टाकल्यावरही त्याने रुजवलेले सुरक्षा-प्रमाणपत्र यंत्रात तसेच राहत असे, आणि त्याची गुप्त किल्ली सर्व लॅपटॉपांत एकच असल्यामुळे, ती 2015 च्या फेब्रुवारीत उघड झाल्यावर त्या यंत्रांच्या मालकांना कोणीही खोट्या संकेतस्थळावर फसवू शकला असता. म्हणून सफाई क्रमाने करावी. प्रथम ‘सेटिंग्ज’मधील इन्स्टॉल केलेल्या ॲपची यादी तारखेप्रमाणे लावावी, आणि उपद्रव सुरू झाला त्या दिवसाच्या आसपास एकाच वेळी दाखल झालेली नावे तपासून नको ती काढावीत. मग ब्राउझरमधील अनोळखी एक्स्टेन्शन काढून, बदललेले शोधयंत्र व मुखपान पूर्ववत करून, नोटिफिकेशन पाठवण्याची परवानगी मिळवलेल्या स्थळांची ती परवानगी रद्द करावी. कोपऱ्यात दिसणाऱ्या ‘व्हायरस सापडला’ अशा भीतिदायक जाहिराती बहुधा या परवानगीवरच जगत असतात. शेवटी ‘टास्क मॅनेजर’मध्ये संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या ॲपची यादी पाहावी, इंटरनेटच्या सेटिंग्जमध्ये कोणी परकी प्रॉक्सी, म्हणजे मधला सर्व्हर, घातली नाही ना ते बघावे, आणि संगणक पुन्हा सुरू करून उपद्रव थांबल्याची खात्री करावी.

गैरसमज 4 : जे नाव ओळखीचे नाही, ते काढून टाकावे.

वस्तुस्थिती : हा उतावळेपणा कधीकधी मूळ उपद्रवापेक्षा महाग पडतो. ‘व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल’ अशी चार-पाच सारखी दिसणारी नावे यादीत आढळतात. ती इतर सॉफ्टवेअरचा पाया असतात, आणि ती काढली तर चालू सॉफ्टवेअर बंद पडते. आवाज, पडदा, प्रिंटर यांचे ड्रायव्हरही असेच अपरिचित नावांनी वावरतात. नावासमोरील प्रकाशकाचे नाव आणि इन्स्टॉल झाल्याची तारीख एकत्र वाचावी, आणि संशय फिटत नसेल तर माहीतगाराला विचारल्यावाचून हात लावू नये.

गैरसमज 5 : सफाईसाठी आणखी एखादे ‘क्लीनर’ आणावे.

वस्तुस्थिती : ‘शेकडो दोष सापडले, दुरुस्तीसाठी पैसे भरा’ असे सांगणारे क्लीनर पुष्कळदा त्याच आगंतुकांच्या गोतावळ्यातील असते. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही, साफ करणाऱ्या साधनांचा पुरस्कार मायक्रोसॉफ्ट करीत नाही. 2017 साली तर सीक्लीनर या लोकप्रिय साधनाच्या अधिकृत आवृत्तीतच हल्लेखोरांनी घातक भाग मिसळला होता, आणि ती 20 लाखांहून अधिक संगणकांवर पोहोचली होती. साधन लागलेच तर मालवेअरबाइट्सच्या ॲडव्हक्लीनरसारखे याच कामासाठी केलेले, आणि तेही कर्त्याच्या स्वतःच्या स्थळावरून घ्यावे. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने 2017 च्या फेब्रुवारीत सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राची मोफत साधनेही उपलब्ध आहेत. तेथील एक साधन पुण्याच्या क्विक हील कंपनीने पुरवलेले आहे.

गैरसमज 6 : फॉर्मॅट केले की सगळे निर्मूल होते.

वस्तुस्थिती : बहुतेक घरांत इतक्या टोकाच्या उपायाची गरजच पडत नाही. शिवाय कंपनीने दिलेल्या रिकव्हरीतून संगणक पूर्ववत केला, तर कंपनीने आरंभी भरलेले सॉफ्टवेअरही परत येते. आणि ब्राउझरच्या खात्यात नको असलेले एक्स्टेन्शन साठवलेले असेल, तर लॉगिन करताच तेही हजर होते. लेनोव्होच्याच काही यंत्रांत 2015 साली असे आढळले, की विंडोज कोऱ्या प्रतीवरून घातले तरी मदरबोर्डवरील फर्मवेअर, म्हणजे यंत्रातच कोरलेले सॉफ्टवेअर, कंपनीचे सॉफ्टवेअर पुन्हा आत ठेवत असे. ती वहिवाट मोडण्यासाठी फर्मवेअरच बदलावे लागले.

या सर्व खटाटोपापेक्षा सुलभ असा उपाय प्रवेशद्वारापाशीच आहे. सॉफ्टवेअर त्याच्या कर्त्याच्या स्थळावरून किंवा अधिकृत स्टोअरमधून घ्यावे. इन्स्टॉल करताना ‘एक्स्प्रेस’ऐवजी ‘कस्टम’ हा पर्याय निवडून प्रत्येक चौकट वाचावी. आधीच केलेल्या खुणा काढाव्यात. आणि ‘डिक्लाइन’ हे फिकट अक्षरांत छापलेले बटण दाबण्याचा संकोच बाळगू नये, कारण ते जोडसॉफ्टवेअर नाकारले तरी आपल्याला हवे ते बहुधा मिळतेच.

आरंभी ज्या गृहस्थांचा उल्लेख केला, त्यांना तर काहीच डाउनलोड करण्याची आवश्यकता नव्हती. विंडोज 10 च्या मे 2019 च्या आवृत्तीपासून उच्चारानुसार टंकन करणारा मराठी कळफलक विंडोजमध्येच आहे, आणि इन्स्क्रिप्ट हा प्रमाण कळफलक तर त्याहून पुष्कळ आधीपासून आहे. भाषेच्या सेटिंग्जमध्ये मराठी जोडली, आणि तिच्या पर्यायांतून हवा तो कळफलक जोडला, की दोन्ही हाताशी येतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी त्यांची गत झाली. परंतु त्या वळशावर त्यांना गाठण्यासाठी कोणी तरी दर माणशी दाम मोजले होते, हे ध्यानात घेतले, तर पुढच्या वेळी ‘नेक्स्ट’ दाबण्यापूर्वी थांबून वाचण्यात घालवलेले अर्धे मिनिट किती मोलाचे असते, ते सहज उमगेल.