चंद्राकडे नेणारी वीण

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात वॉल्थॅम नावाचं गाव आहे. १९६०च्या दशकात तिथल्या रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात बायका अक्षरशः सॉफ्टवेअर विणत असत. समोर चुंबकीय कड्यांच्या रांगा आणि हातातल्या सुईत बारीक तार. तार कड्यातून ओवली की १, कड्याला वळसा घालून बाहेरून नेली की ०. चंद्रावर जाणाऱ्या अपोलो यानातल्या एका कॉम्प्युटरच्या कायमस्वरूपी मेमरीत असे जवळपास सहा लाख १ आणि ० असत. एकदा विणलेलं पुन्हा उसवणं फार अवघड होतं. चूक सापडली तर तेवढा भाग नव्याने विणायला कित्येक आठवडे जात. त्यामुळे प्रोग्राम लिहिणाऱ्यांना तार सुईत जाण्याआधीच प्रत्येक ओळ पारखून घ्यावी लागे.

सॉफ्टवेअर तयार होतं म्हणजे नेमकं काय होतं, हे समजून घ्यायला अपोलोसारखं उदाहरण शोधून सापडणार नाही. सॉफ्टवेअर म्हटलं की कीबोर्डवर भराभर चालणारी बोटं डोळ्यांसमोर येतात. पण कोड लिहिणं हा या कामाचा लहान हिस्सा आहे. खरं काम तीन प्रश्नांचं आहे: काय हवं आहे? काय चुकू शकतं? आणि चुकलंच, तर पुढे काय करायचं?

पहिली पायरी गरजेची, म्हणजे काय हवं आहे या प्रश्नाची. चंद्रावर जाणाऱ्या यानाला आपण कुठे आहोत, कुठल्या दिशेने चाललो आहोत आणि इंजिन किती वेळ चालवायचं, हे सतत मोजत राहायला हवं होतं. हे काम १९६१ साली एमआयटीच्या इन्स्ट्रुमेंटेशन लॅबोरेटरीकडे आलं. सुरुवातीच्या वेळापत्रकात आणि बजेटमध्ये सॉफ्टवेअरसाठी वेगळी जागाच नव्हती. यंत्र बनवलं की प्रोग्राम काय, होऊन जाईल, असा तेव्हाचा समज होता. प्रत्यक्षात या प्रोग्रामवर सुमारे १,४०० मनुष्य-वर्षं खर्ची पडली, म्हणजे एकट्या माणसाने करायचं म्हटलं तर १,४०० वर्षांचं काम!

दुसरी पायरी आराखड्याची. कॉम्प्युटरमध्ये ३६,८६४ शब्दांची कायमची आणि अवघी २,०४८ शब्दांची पुसता येणारी मेमरी होती. आज मोबाइलवर काढलेला एक फोटो याच्या कित्येक पट जागा घेतो. एवढ्याशा जागेत काय ठेवायचं आणि काय वगळायचं, यावर मोठ्या बैठका होत आणि काही प्रोग्राम सरळ काढून टाकावे लागत. हॅल लॅनिंग या गणितज्ञाने आणखी एक महत्त्वाची व्यवस्था आखली. कॉम्प्युटरला एका वेळी अनेक कामं सांगितली जाणार, तेव्हा प्रत्येक कामाला महत्त्वानुसार क्रम द्यायचा. ज्याचा क्रम वरचा, ते काम आधी होईल. भार फार वाढला तर सगळं बंद पडू द्यायचं नाही. कॉम्प्युटर क्षणात पुन्हा सुरू व्हायचा, महत्त्वाची कामं जिथे थांबली तिथूनच पुढे जायची आणि कमी महत्त्वाची मागे राहायची.

मग कोड. तो कागदावर लिहिला जाई, कार्डांवर छिद्रांच्या रूपात उतरवला जाई आणि मोठ्या कॉम्प्युटरवर तपासला जाई. एखादी ओळ बदलायची तरी रीतसर मागणी करून मंजुरी घ्यावी लागे. कारण एका जागी टाका ओढला की कापड दुसरीकडेच गोळा होतं. कोडचंही तसंच आहे. आज गिटसारख्या साधनांमुळे कुणी, केव्हा, काय बदललं याची नोंद राहते आणि सहकाऱ्याने तपासल्याशिवाय बदल सहसा मुख्य कोडमध्ये जात नाही. साधनं नवी आहेत, शिस्त तीच.

यानंतर टेस्टिंग. पुढे उड्डाण-सॉफ्टवेअरच्या प्रमुख झालेल्या मार्गारेट हॅमिल्टन आपल्या लहान मुलीला कधी कधी कामावर घेऊन जात. एकदा तिथल्या नकली यानाशी खेळताना मुलीने उड्डाणाआधी वापरायचा प्रोग्राम मध्येच सुरू केला आणि सगळं कोलमडलं. अशी चूक अडवणारी तपासणी कोडमध्ये घालू या, असं हॅमिल्टन यांनी सुचवलं. अंतराळवीर कसून प्रशिक्षण घेतलेले असतात, ते असं करणार नाहीत, हे उत्तर मिळालं. डिसेंबर १९६८मध्ये अपोलो ८ चंद्राला प्रदक्षिणा घालून परतत असताना अंतराळवीर जिम लॉव्हेल यांच्याकडून तोच प्रोग्राम चुकून सुरू झाला. यानाच्या दिशेची माहिती पुसली गेली आणि ताऱ्यांचा वेध घेऊन ती पुन्हा बसवावी लागली. माणूस कितीही हुशार असला तरी चुकतो, हे गृहीत धरूनच सॉफ्टवेअर लिहावं लागतं. सॉफ्टवेअर लिहिणं हे शिस्तीचं काम आहे, असं हॅमिल्टन सांगत आणि त्यासाठी ‘सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग’ हा शब्द आवर्जून वापरत. २०१६ साली त्यांना अमेरिकेचं ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ मिळालं.

२० जुलै १९६९ हा या सगळ्या विचाराच्या कसोटीचा दिवस होता. नील आर्मस्ट्राँग आणि बझ आल्ड्रिन चंद्रावर उतरत असताना कॉम्प्युटरने १२०२ क्रमांकाचा धोक्याचा इशारा दिला. उतरताना ज्याची गरज नव्हती त्या रडारकडून येणारे संकेत कॉम्प्युटरचा वेळ खात होते. लॅनिंग यांची व्यवस्था कामाला आली. कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा सुरू झाला, पण इंजिनाचं नियंत्रण एकदाही सुटलं नाही. इकडे ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्रात २४ वर्षांचे अभियंते जॅक गार्मन यांच्या टेबलावर हाताने लिहिलेला एक कागद होता. काही दिवसांपूर्वीच्या सरावात अशाच एका इशाऱ्यामुळे उतरणं विनाकारण रद्द केलं गेलं होतं. त्यानंतर उड्डाण संचालक जीन क्रांट्झ यांच्या सांगण्यावरून प्रत्येक इशाऱ्याचा अर्थ आणि त्यावर काय करायचं, याची यादी तयार झाली होती. तो कागद पाहून गार्मन यांनी २६ वर्षांचे मार्गदर्शन अधिकारी स्टीव्ह बेल्स यांना पुढे जायला हरकत नसल्याचं सांगितलं. बेल्स यांनी होकार दिला आणि यान उतरलं.

सॉफ्टवेअर वापरात आलं म्हणजे काम संपलं, असंही नाही. फेब्रुवारी १९७१मध्ये अपोलो १४ उतरण्याच्या बेतात असताना, मोहीम सोडून द्यायचं बटण कुणी न दाबताच दाबल्याचा संकेत देऊ लागलं. विणलेली मेमरी बदलणं अशक्य होतं. डॉन आइल्स या तरुण प्रोग्रामरने पुसता येणाऱ्या इवल्याशा मेमरीतून त्या बटणाला बगल देण्याची वाट शोधली. ह्यूस्टनहून सांगितलेले आकडे अंतराळवीरांनी कीबोर्डवर भरले आणि यान सुखरूप उतरलं. आज आपल्या फोनमध्ये येणारं अपडेट याच कुळातलं. फरक एवढाच, की आता ते चुटकीसरशी येतं.

आज कामाची पद्धत बदलली आहे. २००१ साली अमेरिकेतल्या स्नोबर्ड इथे १७ जण जमले आणि त्यांनी ‘अजाइल’ पद्धतीचा जाहीरनामा मांडला. सगळं काही आधी ठरवून शेवटी एकदम देण्यापेक्षा थोडं थोडं बनवावं, वापरणाऱ्याला दाखवावं आणि सुधारत जावं, ही त्यामागची दृष्टी. पुण्याजवळच्या हिंजवडीतल्या कंपन्यांमध्येही ही पद्धत परिचयाची आहे. मात्र बदल सोपा झाला की विचार टाळण्याचा मोहही वाढतो. आता तर काही क्षणांत कोड लिहून देणारी यंत्रं हाताशी आली आहेत. पण काय हवं आहे हे ठरवणं आणि त्यातून कुणाचं नुकसान होणार नाही हे पाहणं, ही जबाबदारी माणसाचीच आहे.

अपोलोचा मूळ कोड आज इंटरनेटवर कुणालाही वाचता येतो. प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलामुलींनी तो जरूर उघडून पाहावा. आणि आपली पहिली ओळ लिहिण्याआधी गार्मन यांच्यासारखा एक कागद घ्यावा, त्यावर काय हवं, काय चुकेल आणि चुकलं तर काय करायचं, एवढं लिहावं. सॉफ्टवेअरची सुरुवात त्या कागदापासून होते.