साचा आणि नकाशा : कागदावर काय पक्कं करायचं, काय मोकळं ठेवायचं

मागच्या दोन व्याख्यानांत आपण नकाशाच्या आत होतो. थर कसे रचायचे, रंग कसे निवडायचे, हे पाहिलं. आज नकाशाच्या बाहेर, म्हणजे त्याच्या भोवतीच्या कागदावर यायचं आहे. शीर्षक, सूची, दिशादर्शक, प्रमाण, माहितीचा स्रोत, संस्थेचं बोधचिन्ह ही सगळी मंडळी कागदावर नीट बसवणं म्हणजे मांडणी. आणि एकदा बसवलेली मांडणी पुन:पुन्हा वापरता यावी म्हणून जतन करणं म्हणजे साचा, टेम्प्लेट. तत्त्वज्ञानाच्या माणसाला यात काय रस, असं काहींना वाटेल. पण ‘अनेक वस्तूंमध्ये एकच काय आहे’ हा प्रश्न तर वैशेषिकांनी सामान्य आणि विशेष या नावांनी केव्हाचा मांडून ठेवला आहे. साचा म्हणजे सामान्य. प्रत्येक नकाशा विशेष. अडचण होते ती एका नकाशाचा विशेष साच्यात शिरून दुसऱ्या नकाशावर जाऊन बसतो तेव्हा. आजचं सगळं बोलणं याच एका अडचणीचं आहे.

कल्पना जुनीच आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ सालची. त्यांची १:५०,००० प्रमाणाची पत्रकं घ्या. प्रत्येक पत्रकात १५ मिनिटं अक्षांश आणि १५ मिनिटं रेखांश एवढा प्रदेश. कोकणातलं पत्रक असो वा विदर्भातलं, पत्रक क्रमांक, प्रमाण, खुणांची सूची, सर्वेक्षणाचं वर्ष हे सगळं समासात मिळणार, हे वाचणाऱ्याला ठाऊक असतं. म्हणून त्याची नजर थेट प्रदेशाकडे जाते. चांगल्या साच्याचं काम एवढंच.

आता हे क्यूजीआयएसमध्ये कसं होतं ते पाहू. हे सॉफ्टवेअर मोफत आहे, आपल्यापैकी बरेच जण तेच वापरतात. आर्कजीआयएस प्रोमध्येही मांडणीची वेगळी फाइल करता येते, तत्त्व तेच. क्यूजीआयएसमध्ये प्रकल्प उघडा, नवी प्रिंट लेआउट घ्या, कागद ए-४ की ए-३ ते आधी ठरवा, आणि घटक एकेक करून मांडा. मनासारखं झालं की लेआउटच्या मेनूतून ‘सेव्ह ॲज टेम्प्लेट’. क्यूपीटी नावाची छोटी फाइल तयार होते. दुसऱ्या प्रकल्पात लेआउट मॅनेजर उघडून तिच्यावरून नवी मांडणी करता येते, किंवा चालू मांडणीत तिच्यातले घटक ओतता येतात. साचे आपल्या प्रोफाइलच्या ज्या फोल्डरमध्ये ठेवले की यादीत आपोआप दिसतात, त्याचं नाव अजून ‘कंपोझर टेम्प्लेट्स’ असं आहे. २०१८ मध्ये तिसरी आवृत्ती येईपर्यंत लेआउटला कंपोझर म्हणत. नाव बदललं, फोल्डर तसंच राहिलं. गल्ल्यांचं होतं तसंच.

हे दहा मिनिटांत जमतं. खरा प्रश्न पुढे आहे. त्या फाइलमध्ये नेमकं काय साठलं?

उदाहरण घेऊ. कोल्हापूर जिल्ह्याचे १२ तालुके आहेत. समजा, शिरोळ तालुक्याचा पूररेषेचा नकाशा आपण केला आणि त्याचा साचा जतन केला. साच्यात शीर्षकाची जागा आली, अक्षराचा आकार आला. पण नकाशाच्या चौकटीत जो प्रदेश दिसत होता त्याची हद्दही आली. हाच साचा नागपूरच्या प्रकल्पात उघडला तर बहुधा चौकट कोरी दिसेल, कारण ती अजून शिरोळकडेच पाहते आहे. हे बरं. कोरी चौकट ओरडून सांगते, आणि मुख्य पडद्यावरचा विस्तार चौकटीत आणण्याचं बटण दाबलं की काम होतं. पण साचा करवीरसाठी उघडला, विस्तार बदलला, शीर्षक बदललं, आणि कोपऱ्यात हाताने टाइप केलेलं ‘१:५०,०००’ तसंच राहिलं, तर? करवीरचा नकाशा १:८०,००० वर बसलेला असू शकतो. कागदावर पट्टी धरून नदीपासून शाळा किती लांब हे मोजणारा माणूस २ सेंटीमीटर म्हणजे १ किलोमीटर असं वाचेल, आणि प्रत्यक्षात अंतर असेल १,६०० मीटर. कागदावर कुठेही काही बिघडल्यासारखं दिसणार नाही. शिरोळ आणि करवीरमध्ये २०१९ चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना हे अंतर शैक्षणिक वाटणार नाही.

उपाय साधा आहे. आकडा टाइप करायचा नाही, सूत्र लिहायचं. मजकुराच्या चौकटीत चौकटी कंस आणि टक्क्याची खूण यांच्यामध्ये सूत्र ठेवलं की क्यूजीआयएस त्या जागी उत्तर छापतं. चौकटीचं प्रमाण, प्रकल्पाचं शीर्षक, तालुक्याचं नाव, सगळं असं येऊ शकतं. प्रमाणाची पट्टी, म्हणजे रेषाप्रमाण, तर नकाशाच्या चौकटीला बांधलेलीच असते. फक्त कोणत्या चौकटीला, ते पाहा. पानावर मुख्य नकाशा आणि छोटा स्थाननकाशा असे दोन असतील तर पट्टी चुकून छोट्याला बांधलेली असू शकते. म्हणून घटकांना ‘मॅप १’, ‘मॅप २’ अशी आपोआप मिळालेली नावं ठेवू नका. ‘मुख्य नकाशा’, ‘स्थाननकाशा’ अशी नावं द्या. सहा महिन्यांनी साचा उघडणारा माणूस तुम्हाला दुवा देईल.

आमचं मत विचाराल तर संख्याप्रमाण साच्यात ठेवूच नये, नुसती पट्टी ठेवावी. कारण आपल्याकडे नकाशा जातो कुठे? झेरॉक्सच्या दुकानात आणि व्हॉट्सॲपवर. ए-३ चा नकाशा ए-४ वर काढला की लांबी साधारण ०.७१ पट होते, म्हणजे १:५०,००० चा नकाशा जवळजवळ १:७०,७०० चा होतो. छापलेला आकडा मात्र ५०,००० च सांगत राहतो, सूत्राने आलेला असला तरी. पट्टी नकाशाबरोबर आकसते, म्हणून खरी राहते.

दिशादर्शकाचंही असंच. लेआउटमधल्या दिशादर्शकाच्या बटणाने टाकलेला बाण नकाशाशी जोडलेला असतो, नकाशा फिरवला की तोही फिरतो. पण कुणी सुंदर बाणाचं साधं चित्र आणून चिकटवलं असेल तर ते कायम कागदाच्या वरच्या कडेकडेच बोट दाखवणार, नकाशा कितीही फिरवा.

तारखेवर थोडं थांबू या. इथे सूत्रसुद्धा फसवतं. अनेक जण साच्यात ‘आजचा दिनांक’ हे सूत्र घालतात आणि निर्धास्त होतात. ते सूत्र निर्यात केल्याचा दिवस छापतं. पूररेषा २०१९ ची आणि कागदावर तारीख आजची, असा नकाशा वाचणारा काय समजेल? सर्वेक्षण विभागाच्या पत्रकांवर सर्वेक्षण कधीचं आणि आवृत्ती कधीची हे वेगवेगळं सांगितलेलं असतं, ते उगाच नाही. माहितीचा दिनांक यंत्राला ठाऊक नसतो, तो माणसाने सांगायचा. त्यासाठी मांडणीच्या गुणधर्मांत ‘माहितीचा दिनांक’ असं एक चल निर्माण करा, मजकुरात ते वापरा, आणि साच्यात त्याची किंमत ‘येथे दिनांक भरा’ अशी ठळक, खटकणारी ठेवा. जुनी खरी तारीख तिथे ठेवणं धोक्याचं, कारण ती भरलेली वाटते.

सूचीबद्दल थोडक्यात. ती आपोआप अद्ययावत होऊ दिली तर ‘तालुका_फायनल_नवीन_२’ असली थरांची घरगुती नावं थेट कागदावर येतात. बंद केली तर नवा थर आला तरी सूचीला पत्ता नसतो. आम्ही पहिला मार्ग धरतो आणि नावं थरांमध्येच सुधारतो. बोधचिन्हाचं चित्र साच्याच्या आतच बसवून टाका, नाहीतर दुसऱ्या संगणकावर त्या जागी फुली दिसते. देवनागरी फाँटही पुढच्या संगणकावर आहे का, ते पाहा.

बाराही तालुके एकदम काढायचे असतील तर ॲटलास वापरायचा. एक साचा, तालुक्यांचा एक थर, आणि प्रत्येक तालुक्याचं एक पान. शीर्षक सूत्राने बदलतं. इथे एक निर्णय घ्यावा लागतो आणि तो तांत्रिक नाही. प्रत्येक तालुका पान भरून दाखवायचा, की सगळे एकाच प्रमाणावर? पान भरून दाखवला तर छोटा गगनबावडा आणि कितीतरी मोठी शाहूवाडी सारख्याच आकाराच्या दिसतात. तपशील वाचायला छान, पण पानं शेजारी ठेवली की तुलना खोटी. एकच प्रमाण धरलं तर गगनबावडा पानाच्या मध्यावर बेटासारखा उरतो. तुलना करणारे वाचक असतील तर एकच प्रमाण घ्या, रिकामी जागा सोसा. गावकऱ्याला आपल्याच तालुक्याचं पान हातात मिळणार असेल तर पान भरा.

काही हौशी मंडळी तालुका आडवा की उभा हे सूत्राने ओळखून कागदही फिरवतात. येतं करता. पण मग शीर्षक, सूची, पट्टी यांच्या जागाही सूत्रांनी ठरवाव्या लागतात, आणि साचा असा होतो की करणाऱ्याशिवाय कुणाला उलगडत नाही. त्यापेक्षा दोन साचे करा, एक आडवा, एक उभा.

साचा दुसऱ्याच्या हाती देण्याआधी तो एका रिकाम्या प्रकल्पात उघडून पाहा, ज्यात एकही थर नाही. चौकटीत काही दिसणार नाही. आता चौकटीचं प्रमाण बदला, नकाशा थोडा फिरवा, आणि पानावरचं काय हलतं, काय जागचं हलत नाही ते पाहा. न हलणाऱ्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारा : ही ओळ बाराच्या बारा तालुक्यांवर खरी ठरेल का? संस्थेचं नाव ठरेल, त्याला कुलूप लावा. ‘शिरोळ’ ठरणार नाही. ‘१:५०,०००’ ठरणार नाही. ‘स्रोत : क्षेत्रभेट’ हे कदाचित चार तालुक्यांवर ठरेल, आणि तिथेच आठ तालुक्यांवर खोटं छापलं जाईल.

आता प्रश्न घेऊ.