शिकारी लांडग्याला 'हाक' मारून कसं बोलावतात?

लांडग्यांचा एक कळप शेकडो चौरस किलोमीटरच्या जंगलात फिरतो. त्याचा माग काढत चालत जाऊन त्याला गाठणं माणसाला जवळपास अशक्यच. म्हणून अमेरिकेतल्या मोंटाना आणि आयडाहोसारख्या राज्यांत, जिथे परवाना घेऊन लांडग्याची शिकार करता येते, तिथले अनेक शिकारी उलटा मार्ग धरतात. ते लांडग्यालाच आपल्याकडे बोलावतात. पण इतका सावध प्राणी फसतो कसा?

आधी ठावठिकाणा

लांडग्याची ती लांबलचक हाळी म्हणजे त्यांची भाषा. पांगलेल्या सोबत्यांना एकत्र बोलावायला आणि 'हा इलाखा आमचा आहे' हे शेजारच्या कळपाला बजावायला ती वापरली जाते. शिकारी संध्याकाळी किंवा पहाटे तशीच हाळी देतो. उत्तर आलं, की कळप कुठल्या दिशेला आहे ते कळतं.

मग आमिष

त्यानंतर मुख्यतः दोन प्रकारचे आवाज वापरतात. पहिला भुकेला हात घालणारा: जखमी ससा किंवा हरणाच्या पाडसाचं केविलवाणं ओरडणं. दुसरा नात्यांना हात घालणारा: परक्या लांडग्याची हाळी किंवा संकटातल्या पिल्लाचं विव्हळणं. जानेवारी-फेब्रुवारीच्या विणीच्या हंगामात परक्याची हाळी जास्त परिणाम करते, कारण तेव्हा कळप घुसखोराबाबत अधिक आक्रमक असतो.

आवाज काढायला तोंडाने फुंकायची शिट्टी किंवा रिमोटवर चालणारा स्पीकर वापरतात. मोंटानाने 2013 मध्ये कायदा करून लांडग्यांसाठी अशा इलेक्ट्रॉनिक आवाजांना परवानगी दिली.

वाऱ्याचा खेळ

लांडगा सहसा आवाजाकडे सरळ येत नाही. तो वळसा घालून वारा जिकडे वाहतो त्या बाजूला जातो आणि आधी वास घेतो. माणसाचा वास आला, की सगळं संपलं. म्हणून शिकारी स्पीकर स्वतःपासून लांब ठेवतात आणि ती वळशाची वाट नजरेच्या टप्प्यात राहील अशी जागा निवडतात. एकदा फसवणूक ओळखलेला लांडगा पुन्हा सहज येत नाही.

वाद कशाचा?

पिल्लाच्या आवाजाला धावून येणारा लांडगा त्याचे आईबापही असू शकतात. कळप म्हणजे बहुधा एक कुटुंबच असतं, आणि विणारी जोडी मारली गेली तर ते विस्कटण्याचा धोका वाढतो. समर्थकांचं म्हणणं वेगळं आहे: गुराढोरांचं नुकसान रोखायचं तर लांडग्यांची संख्या आटोक्यात हवी, आणि इतका हुशार प्राणी दुसऱ्या मार्गाने हाती लागत नाही.

हीच हाक वाचवतेही

कॅनडाच्या अल्गोन्क्विन उद्यानात 1963 पासून पर्यटकांसाठी हाळीचे कार्यक्रम होतात: कर्मचारी लांडग्यासारखी हाळी देतात आणि लोक उत्तराची वाट बघतात. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार लांडगा पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे त्याच्या शिकारीवर बंदी आहे. इथे ही हाक अभ्यासाला उपयोगी पडते. महाराष्ट्रातल्या लांडग्यांच्या हाळ्या रेकॉर्ड करून, आवाजावरून एकेक लांडगा ओळखता येऊ शकतो, हे 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. म्हणजे माळरानावरचे लांडगे उद्या न पकडता, नुसते ऐकून मोजता येतील.

हाक तीच. फरक पडतो तो उत्तर आल्यावर माणूस काय करतो याने.