दातातील मूलपेशी आणि वातव्याधी : रुग्णास काय सांगावे?

पक्षाघात वा कंपवाताच्या रुग्णाचे नातेवाईक अलीकडे आम्हांस विचारतात, "डॉक्टर, नातवाचा पडलेला दुधाचा दात जपून ठेवला, तर आजोबांना उपयोग होईल का?" या प्रश्नाचे उत्तर आपणांपैकी प्रत्येकाजवळ असावयास हवे.

दाताच्या आतील मृदू गाभ्यात मूलपेशी असतात, हे 2000 साली अमेरिकेत ग्रॉन्थोस, शी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. दुधाच्या दातांतही त्या सापडल्याचे 2003 मध्ये प्रसिद्ध झाले. गर्भावस्थेत ज्या पेशीसमूहापासून परिसरीय नसांचा बराच भाग घडतो, त्याच समूहातून या पेशी येतात. म्हणून चेतासंस्थेच्या विकारांत त्यांविषयी आशा वाटते.

जपानमधील नागोया विद्यापीठात 2012 साली मज्जारज्जू पूर्ण छेदलेल्या उंदरांमध्ये या पेशी सोडल्यावर मागील पायांच्या हालचालीत सुधारणा दिसली. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे पक्षाघात घडविलेल्या उंदरांतही लाभ आढळला. मात्र सोडलेल्या पेशींपैकी फारच थोड्या टिकल्या होत्या. म्हणजे नवी चेतापेशी तयार होण्यापेक्षा या पेशींतून स्रवणारी द्रव्येच उपकारक ठरत असावीत. उंदरावरील यश म्हणजे मनुष्यावरील सिद्ध चिकित्सा नव्हे.

शार्ङ्गधरांनी दंत हा अस्थीचा उपधातु मानला आहे. त्यावरून दाताचा गाभा म्हणजे मज्जाधातु आणि त्याने वातव्याधी बरा होतो, अशी जुळणी करण्याचा मोह होतो. परंतु नावाचे साम्य हा पुरावा नव्हे. संहितांच्या आधारावर परक्या प्रयोगाची जाहिरात करणे हा संहितांचाच अवमान होय.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नाळेतील रक्ताखेरीज अन्य जैविक द्रव्यांच्या व्यावसायिक साठवणुकीस मुभा दिलेली नाही. दंतगाभाही त्यातच येतो. औषधालयचालकांनीही ध्यानी ठेवावे की, 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याच्या अनुसूचीत पक्षाघाताचा समावेश आहे. तेव्हा अशी पत्रके काउंटरवर ठेवू नयेत.

नातेवाइकांस आम्ही इतकेच सांगतो : संशोधन आशादायक आहे, उपचार अद्याप सिद्ध नाही, मान्यताप्राप्त चाचणीत सहभागासाठी पैसे मागितले गेल्यास सावध व्हा. आणि तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोबडी वळणे यांपैकी काहीही अकस्मात घडल्यास आमच्याकडेही न थांबता तत्काळ मोठे रुग्णालय गाठा. गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते. जपून ठेवलेल्या दातापेक्षा हे तास अधिक मोलाचे आहेत.