जावाचें जकार्ता कसें झालें

बँका, विमा कंपन्या व सरकारी खातीं यांचे व्यवहार चालविणाऱ्या संगणक-प्रणालींपैकीं पुष्कळशा ‘जावा’ या भाषेंत लिहिलेल्या असतात. अशा प्रणालींना लागणाऱ्या सामायिक गोष्टी, म्हणजे दूरच्या ग्राहकाची मागणी स्वीकारणें, दप्तरांतील माहिती काढून देणें, देवघेव अर्धवट राहूं न देणें, प्रत्येकानें नव्यानें रचीत बसूं नये, म्हणून सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीनें १९९९ सालीं एक नियमसंहिता प्रसिद्ध केली. तीच पुढें ‘जावा ईई’ या नांवानें ओळखली गेली. बोल्ट एका कारखान्याचा व नट दुसऱ्याचा असला, तरी आटे ठरल्या मापाचे असल्यास दोन्ही जुळतात. त्याचप्रमाणें या संहितेबरहुकूम लिहिलेला प्रोग्राम आयबीएमच्या यंत्रणेवर चालावा, तसा रेड हॅटच्याहि चालावा, अशी ही योजना. ग्राहक एकाच विक्रेत्याचा बंदा होऊं नये, हें तिचें खरें मोल.

पण मापें ठरविणारा स्वतःच दुकानदार होता, ही यांतली मेख. नियम ठरविण्यासाठीं १९९८ पासून एक सार्वजनिक पद्धति होती खरी, व तींत इतर कंपन्यांची मंडळीहि बसत. परंतु बहुतेक नियमांचा, आणि यंत्रणा नियमांस उतरते कीं नाहीं हें पाहणाऱ्या कसोटीसंचांचा हक्क मालकाकडेच राही. २०१० सालीं ओरॅकल कंपनीनें सन विकत घेतली. मूळ जावाच्या कसोटीसंचाच्या अटींवरून वाद विकोपास जाऊन त्याच वर्षीं डिसेंबरांत अपाचे फाउंडेशन ही संस्था कार्यकारी समितींतून बाहेर पडली. पुढें कांहीं वर्षांनीं संहितेचें कामहि मंदावलें. शेवटीं २०१७ च्या सप्टेंबरांत, एक्लिप्स फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे सर्व कारभार सोंपविण्याचें ओरॅकलनें जाहीर केलें. प्रोग्राम दिले; आजवर कुलुपांत असलेले कसोटीसंचहि दिले. ‘जावा’ हें व्यापारचिन्ह मात्र दिलें नाहीं.

तेव्हां नवें नांव शोधणें आलें. मतदान होऊन २०१८ च्या आरंभीं ‘जकार्ता ईई’ हें नांव ठरलें. जकार्ता हें जावा बेटावरचेंच शहर, व त्याचें जुनें नांव ‘जयकर्त’. नांव घरचेंच निघालें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

खरी अडचण पाटीवरच्या नांवाची नव्हतीच. प्रत्येक प्रोग्रामच्या आंत, ओळीओळींत, ‘जावाएक्स’ हा शब्द कुलनामासारखा बसलेला होता. २०१९ च्या मे महिन्यांत दोन्ही पक्षांच्या वाटाघाटी फिसकटल्या व निर्णय झाला तो असा : जुने नियम जसेच्या तसे ठेवल्यास हा शब्द चालेल, नियमांत कांहीं बदल करावयाचा झाल्यास चालणार नाहीं. म्हणजे संहिता एक तर गोठवावयाची, नाहीं तर तिचें कुलनाम बदलावयाचें! त्या सप्टेंबरांत निघालेली जकार्ता ईई ८ ही जुन्याचीच प्रत होती. २०२० च्या डिसेंबरांतील नवव्या आवृत्तींत ‘जावाएक्स’च्या जागीं ‘जकार्ता’ आला. बाकी नवें असें जवळजवळ कांहींच नव्हतें.

हा बदल दिसतो तितका सोपा नाहीं. स्वतःच्या प्रोग्राममधील शब्द बदलतां येईल. पण त्यांत इतरांकडून घेतलेले तयार भाग असतात, व जुन्या नांवाचा भाग नव्या नांवाच्या यंत्रणेस ओळखत नाहीं. शिवाय ‘जावाएक्स’नें आरंभ होणारीं कांहीं नांवें मूळ जावा भाषेचींच आहेत. तीं बदलावयाचीं नसतात. सरसकट शब्द फिरविणारा तेथें हटकून फसतो. टॉमकॅट या प्रसिद्ध यंत्रणेची नववी आवृत्ति जुन्या नांवावर चालते, दहावी नव्या. ‘स्प्रिंग’ हा बहुतेक कचेऱ्यांत वापरला जाणारा सांगाडा २०२२ च्या नोव्हेंबरांत सहाव्या आवृत्तीसह नव्या नांवाकडे आला, आणि ज्यांनीं तोंवर चालढकल केली होती त्यांनाहि कंबर कसावी लागली.

एवढ्या खटाटोपांतून हातीं काय आलें? कसोट्या आतां कोणासहि पाहतां येतात, त्यांतील चूक दाखवितां येते. पूर्वी प्रत्येक नियमासोबत मालकाचा एक नमुना प्रमाण मानला जाई. तो दंडक गेला असून, कसोटीस उतरलेली कोणाचीहि यंत्रणा पुरते. संहितेंत खऱ्या अर्थानें भर पडली ती २०२२ च्या सप्टेंबरांतील दहाव्या आवृत्तींत. कारभार सोंपविण्याच्या घोषणेस तेव्हां पांच वर्षें झालीं होतीं.