जुन्या डायनामोचा जीर्णोद्धार

भंगाराच्या दुकानांत यंत्राला नांव नसतें, वजन असतें. लोखंड इतकें, बीड इतकें, पितळ इतकें आणि तांबें इतकें, असा हिशेब तेथें तोंडींच होतो आणि हातोडा उचलला जातो. वर्धा जिल्ह्यांत हिंगणघाट असो, आर्वी असो कीं पुलगांव असो, अशा दुकानापुढें जुने पंप, जिनांतले गंजलेले रूळ आणि मोडके नांगर यांचा ढीग दिसावयाचाच. त्या ढिगांत क्वचित् एखादें असें यंत्र येतें, कीं तें पाहून दुकानदारहि क्षणभर थबकतो. लांबी हात-दीड हात, नळ्यांची चौकट, एका बाजूस लहानसें पेट्रोलचें इंजिन, दुसऱ्या बाजूस डायनामो, अंगावर जागोजाग उडालेला लष्करी हिरवा रंग. तें कशाचें हें कोणास उमगत नाहीं, आणि मग तांब्याच्या भावानें तें फुटतें. दुसऱ्या महायुद्धांत बिनतारी संदेशयंत्रांच्या बॅटऱ्या भरण्यासाठीं केलेलीं हीं जनित्रें होत. त्यांपैकीं एकाच्या जीर्णोद्धारास गेल्या वर्षीं माझा हात लागला. त्या कामांत जें शिकावयास मिळालें, तें वाचकांपुढें ठेवावें, विशेषतः ज्यांच्या माळ्यावर अशी एखादी वस्तु अद्याप पडून असेल त्यांच्यापुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

हीं यंत्रें कां निर्माण झालीं, हें प्रथम सांगितलें पाहिजे. आजच्या तरुण वाचकांस बॅटरी भरणें म्हणजे भिंतींत प्लग खोंचणें एवढेंच ठाऊक. परंतु आमच्या भागांत पुष्कळ खेड्यांत विजेच्या तारांच्या आधीं रेडिओ आला. त्या व्हॉल्व्हच्या रेडिओला दोन प्रकारची वीज लागे. व्हॉल्व्हच्या आंतील तार तापविण्यासाठीं दोन व्होल्टांची, शिसें आणि गंधकाम्ल यांची बॅटरी. आणि दुसरी नव्वद किंवा एकशेंवीस व्होल्टांची कोरडी बॅटरी. कोरडी संपली कीं टाकून द्यावयाची. आम्लाची मात्र पुनःपुन्हां भरून आणावयाची. ती बैलगाडींत घालून तालुक्याला न्यावी, दोन दिवस तेथें ठेवावी, आणि जपून परत आणावी. गाडीचें चाक खड्ड्यांत गेलें तर धोतराला भोकें पडत, असें आमचे वडील हंसत हंसत सांगत. नागपूरचें आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजीं सुरू झालें. वर्धेच्या खेड्यांतून तें ऐकण्यास अंतराची अडचण फारशी नव्हती. अडचण होती ती भरलेल्या बॅटरीची.

लष्करास हीच अडचण शतगुणित होऊन भोगावी लागली. रणगाड्यांत बसविलेला ‘वायरलेस सेट नंबर १९’ बारा व्होल्टांवर चाले. (कानडांत बनलेल्या या सेटांवर इंग्रजीबरोबर रशियन अक्षरेंहि कोरलेलीं असत, कारण ते रशियाकडेहि जात.) रणगाड्यास स्वतःचें इंजिन तरी असतें, डोंगरांत पायीं चालणाऱ्या पलटणीनें काय करावें? १९४३ आणि १९४४ सालीं ब्रह्मदेशांत शत्रूच्या पिछाडीस शिरलेल्या विंगेटच्या तुकड्या खेंचरांवर संदेशयंत्र, बॅटऱ्या आणि बॅटरी भरण्याचें इंजिन लादून रानांतून चालत. त्यांचा दाणागोटा विमानांतून पडे, आणि तो कोठें टाकावा हें बिनतारीवरून कळवावें लागे. म्हणजे बॅटरी निकामी झाली कीं त्या पलटणीचें अन्नच तुटलें. हें ध्यानीं घेतलें म्हणजे त्या इवल्याशा इंजिनाची योग्यता कळते.

या जातीचीं यंत्रें अनेक कारखान्यांनीं केलीं. अमेरिकेंतील जॉन्सन मोटर्सच्या यंत्राचें नांव ‘चोअर हॉर्स’, म्हणजे घरकामाचा घोडा. कॉन्टिनेन्टल कंपनीच्या यंत्राचें ‘टायनी टिम’, हें डिकन्सच्या गोष्टींतील पांगळ्या मुलाचें नांव. शक्ति बहुधा तीनशें वॉट, म्हणजे आजच्या स्वयंपाकघरांतील मिक्सरपेक्षांहि कमी. पेट्रोल मिळणेंच दुरापास्त, अशा जागीं हातानें फिरविण्याचीं जनित्रें असत. समुद्रांत पडलेल्या वैमानिकांसाठीं एक संदेशयंत्र होतें. त्याला कंबर असे, तें मांड्यांत धरून वरचा दांडा फिरवावयाचा, आणि कमनीय बांध्यामुळें सैनिकांनीं त्याचें नांव ‘गिब्सन गर्ल’ ठेविलें होतें. लाकडें जाळून वाफेवर चालणारें एक लहान जनित्रहि गुप्त कामगिरीवरील बिनतारी माणसांसाठीं विलायतेंत तयार झालें होतें. आणि युद्धापूर्वींच, १९२९ सालीं, आस्ट्रेलियांत आल्फ्रेड ट्रेगर या गृहस्थानें पायानें पेडल मारून चालणारा संदेशसंच तयार केला, ज्यावरून दूरच्या वस्तीवरील माणसें डॉक्टरास हांक मारूं लागलीं. मला या सर्वांत तोच अधिक आवडतो.

येथें एक अवांतर गोष्ट सांगतों. १९२४ सालीं गांधीजींनीं यंत्रांविषयीं बोलतांना शिंगर यंत्राचा अपवाद केला होता, हें प्रसिद्ध आहे. वर्धेच्या मगन संग्रहालयांत (१९३८ सालीं त्याचें उद्घाटन गांधीजींच्याच हस्तें झालें) ग्रामोद्योगांचीं साधनें पाहतांना मला नेहमीं वाटतें, कीं हाताच्या दांड्याचें किंवा पायाच्या पेडलाचें जनित्र त्या अपवादांत खुशाल बसलें असतें. पेट्रोलच्या घोड्याविषयीं मात्र मी इतकें धिटाईनें बोलणार नाहीं.

युद्ध संपल्यावर लष्कराचा हा पसारा डिस्पोझलमध्यें, म्हणजे लिलावांत, निघाला आणि देशभर पसरला. कोणी त्यावर सिनेमाचे तंबू उजळले, कोणी रेडिओच्या बॅटऱ्या भरण्याचें दुकान काढलें. पुढें ट्रान्झिस्टर आले, मागोमाग वीज आली, आणि हीं यंत्रें गोठ्यांत गेलीं. पुलगांवास लष्कराचें दारूगोळ्याचें मोठें भांडार असल्यामुळें आमच्याकडे हिरव्या रंगाची प्रत्येक वस्तु तेथलीच, असा लोकांचा ग्रह आहे. परंतु लिलावाचा माल खुल्या बाजारांतून कोठूनहि कोठें गेला आहे.

आमचें यंत्र एका कापसाच्या व्यापाऱ्याच्या पडीक गोदामांतून निघालें. पट्टीवरचीं अक्षरें झिजलेलीं. ‘१२ व्होल्ट’ आणि ‘३०० वॉट’ एवढेंच वाचतां आलें, आणि चौकटीवर इंग्रज सरकारच्या मालकीची बाणाची खूण. माझा एक जुना विद्यार्थी शेतीच्या पंपांच्या मोटारी भरण्याचें दुकान चालवितो. विहिरी आणि पंप यांच्यामुळें आमच्या तालुक्यांतून हा वाइंडिंगचा धंदा चांगला रुजला आहे, आणि माझ्या मतें या जुन्या यंत्रांचा खरा वैद्य मुंबई-पुण्यास शोधण्याचें कारण नाहीं, तो येथेंच बसला आहे. मॅग्नेटोचें ज्ञान त्याला नव्हतें. तें जुन्या स्कूटरी दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध मिस्त्रीकडे मिळालें.

पहिल्याच दिवशीं आमचा वाद झाला. आर्मेचरची तपासणी मेगरनें केली तेव्हां कांटा जवळजवळ शून्यावर. म्हणजे तारेंतील वीज लोखंडांत झिरपत होती.

“गुरुजी, जुनी तार कापून काढतो, नवी भरतो. उद्या संध्याकाळी चालू करून देतो,” तो म्हणाला. “आन् जुनं तांबं विकलं तं नव्या तारेचे पैसेही निघते.”

“आणि मग यंत्र कोणतें राहिलें?” मीं विचारलें. “तुझेंच कीं.”

त्याला तें पटलें नाहीं. त्याचें म्हणणें असें, कीं शेतकऱ्याची मोटार जळली तर तोहि नवीच तार मागतो. यंत्र चालण्यासाठीं असतें. हें म्हणणें खोटें नाहीं. परंतु आमच्या जुन्या भाषेंत जीर्णोद्धार हा शब्द आहे, त्याचा अर्थ नव्यानें बांधणें असा नव्हे. जें जीर्ण झालें आहे तेंच वर उचलून उभें करणें असा आहे. ज्याला खरोखरच प्राण उरला नाहीं तेवढेंच बदलावें, आणि बदललें तें लिहून ठेवावें. प्राण आहे कीं नाहीं, हें मात्र धीर धरून पाहावें लागतें. जुन्या तारेवर सुताचें वेष्टन असतें. तें ओल धरतें. ओल गेली कीं पुष्कळ वेळां मेलेली दिसणारी कॉइल जिवंत निघते.

वैशाख चालू होता. आमच्या जिल्ह्याचें ऊन पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतें, आणि या कामांत त्याचा उपयोग झाला. आर्मेचर पत्र्याच्या पेटींत घालून गच्चीवर ठेविलें. सूर्यास्तापूर्वीं पेटी घरांत घ्यावयाची, सकाळीं पुन्हां बाहेर. अकराव्या दिवशीं मेगरचा कांटा पांच मेगओहमच्या पलीकडे गेला. विद्यार्थ्यानें दोनदां तारा बदलून पाहिल्या, मग कांहीं न बोलतां लाखेचें वार्निश आणावयास गेला.

फील्डची एक कॉइल मात्र आंतून जळलेलीच निघाली. ती उलगडतांना मीं वेढे मोजले, पन्नास झाले कीं वहींत एक रेघ. त्यानें तारेची जाडी मापली. आणि तितक्याच जाडीची, तितक्याच वेढ्यांची नवी कॉइल भरली. कम्युटेटरच्या तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक वर आला होता, तो पातळ करवतीच्या पात्यानें किंचित् खोल केला. येथें एक सूचना: कम्युटेटर एमरी कागदानें घांसूं नये, त्याची वीजवाहक पूड फटींत बसते, कांचकागद वापरावा.

इतकें होऊनहि इंजिनाच्या जागीं दुसरी मोटार जोडून डायनामो फिरविला तेव्हां वीज येईना. हें पाहून घाबरण्याचें कारण नसतें. डायनामोच्या लोखंडांत मागील चुंबकत्वाचा अंश उरलेला असावा लागतो, त्यावरच पुढची वीज वाढते; वर्षानुवर्षें पडून राहिल्यानें तो नाहींसा होतो. बाहेरच्या बॅटरीचा प्रवाह योग्य दिशेनें फील्डमधून क्षणभर सोडला कीं तो परत येतो. विरजणासारखेंच आहे हें: दूध कितीहि असो, कवडीभर दहीं आधीं लागतेंच.

इंजिनाकडे वळलों. मॅग्नेटोचा कंडेन्सर कागदाचा, तो इतक्या वर्षांत निकामी होतोच. परंतु या लेखांत मला जी गोष्ट मुख्य सांगावयाची आहे ती येथेंच येते. रेडिओसाठीं केलेलें जनित्र साध्या जनित्राहून एका बाबतींत वेगळें असतें: तें विजेच्या दृष्टीनें मुकें असावें लागतें. प्लगच्या आणि ब्रशांच्या ठिणग्या रेडिओंत खरखर करतात; संदेश ऐकणाऱ्यास तो गोंगाट म्हणजे शत्रूच होय. म्हणून प्लगच्या तारेवर धातूची जाळी, आणि डायनामोच्या तोंडाशीं लहान पत्र्याच्या डब्यांतले कंडेन्सर, अशी व्यवस्था केलेली असते. दुरुस्त करणारे हींच अंगें निरुपयोगी म्हणून प्रथम तोडून टाकतात. मग यंत्र चालतें, परंतु तें कशासाठीं जन्मलें हें सांगणारा पुरावा जातो. आम्हीं ते डबे तळाशीं उघडले, आंतला सडलेला कागद काढला, नवे छोटे कंडेन्सर आंत बसविले आणि डबे पुन्हां झाळून बंद केले. बाहेरून पाहणाऱ्यास फरक दिसत नाहीं. आंत काय आहे त्याची चिठ्ठी चौकटीला बांधली आहे.

पेट्रोलचीहि एक नवी पीडा आहे. हल्लीं पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्यें वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. जुन्या कार्ब्युरेटरांत बुचाचा तरंगा लाखेनें लेपलेला असतो, आणि मद्यार्कांत लाख विरघळते. तरंग्यावर नव्या जातीचा लेप द्यावा, आणि काम झालें कीं टांकी रिकामी करावी.

रंगाविषयीं थोडेंच बोलतों. मीं असें एक यंत्र तांबडें रंगविलेलें आणि चांदीसारखें चकचकीत केलेलें पाहिलें आहे; त्यावरचा बाण आणि आंकडे पॉलिशखालीं कायमचे गेले. आम्हीं गंज थांबविण्यापुरतें तेल चोळलें, इतकेंच.

श्रावणाच्या प्रारंभीं तें उघड्या पडवींत सुरू केलें, कारण धूर आणि भरणाऱ्या बॅटरींतून निघणारा ज्वालाग्राही वायु यांना मोकळी हवा हवी. ट्रॅक्टरची पंचाहत्तर ॲम्पिअर-तासांची उतरलेली बॅटरी जोडली. दोरी चौथ्या ओढीस लागू झाली. गति वाढतांच कटाउट ‘टक्’ करून मिटला, आणि ॲमीटरचा कांटा आठावर स्थिरावला. पांच तासांत हायड्रोमीटर ११५० वरून १२१० वर चढला. मधून मधून मीं खडूनें पाटीवर आंकडे लिहीत होतों, हा जुन्या संवयीचा परिणाम. मग दहा पावलांवर व्हॉल्व्हचा रेडिओ मध्यम लहरींवर लावला. मुद्दाम जाळीची तार काढून साधी लावली, तों रेडिओंत फुटाणे फुटूं लागले. जाळीची परत बसविली आणि गाणें स्वच्छ ऐकूं आलें. इंजिन शेजारीं धडधडतच होतें.

त्या सायंकाळीं विद्यार्थी बराच वेळ पडवींत बसला होता. दुसऱ्या आठवड्यांत तो स्वतःच भंगाराच्या दुकानांतून असेंच दुसरें यंत्र तांब्याच्या भावानें सोडवून घेऊन आला. त्याचें इंजिन मोकळें फिरतें, आर्मेचर सध्यां पेटींत वाळत आहे. परंतु कार्ब्युरेटर मुळींच नाहीं, आणि कटाउटचें झांकणहि हरवलेलें आहे. कोणा वाचकाच्या गोठ्यांत किंवा माळ्यावर तीनशें वॉटांच्या अशा यंत्राचा मोडका सांगाडा असल्यास त्यानें तो फोडूं नये. संपादकांच्या पत्त्यावर चार ओळी लिहाव्या, आणि शक्य झाल्यास पट्टीवरचीं अक्षरें कागद ठेवून पेन्सिलीनें उतरून पाठवावीं.