मुरमाडावर धावणारी बग्गी

रिमोटची साधी गाडी बंद पडली की माळ्यावर जाते. शर्यतीची आरसी (रेडिओ कंट्रोल) बग्गी बंद पडली की टेबलावर येते आणि खुलते. तिचा प्रत्येक स्क्रू सुटतो, प्रत्येक भाग सुटा मिळतो. खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची, दीडेक किलो वजनाची ही बग्गी. पण तिच्या पोटात डिफरन्शियल असतो, चारही चाकांना तेल भरलेले शॉकअप असतात आणि चाकांचा कोन पान्याने बदलता येतो. ज्या मुलाला ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्समध्ये काय चालतं याचं कुतूहल आहे, त्याच्यासाठी हे यंत्र फार मोलाचं आहे.

मातीवरच्या आरसी गाड्यांना खरं वळण मिळालं ते १९७९ मध्ये. जपानमधल्या शिझुओकाच्या तामिया कंपनीने त्या वर्षी रफ रायडर आणि सँड स्कॉर्चर या गाड्या काढल्या. १९८४ मध्ये तामियाचीच ग्रासहॉपर आली : स्वस्त, प्लॅस्टिकच्या चासीची, पोराटोरांनाही जोडता येईल इतकी सोपी. त्याच वर्षी अमेरिकेत टीम असोसिएटेडने रॉजर कर्टिस यांनी आखलेली आरसी १० विकायला काढली. सोनेरी ॲल्युमिनियम चासीची ही गाडी शर्यतीसाठीच बनली होती. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेल मार इथे एक दशांश मापाच्या इलेक्ट्रिक ऑफ-रोड गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा टू-व्हील-ड्राइव्ह गटात जे हॅल्सी याच गाडीवर जिंकला. पुढे जपानच्या मासामी हिरोसाकाने १९८७ पासून एकूण १४ जागतिक विजेतेपदं मिळवली.

आमच्याकडच्या शिरड शहापूरसारख्या गावात सुरुवात करणाऱ्याला माझं सांगणं स्पष्ट आहे : तयार गाडी घेऊ नका, किट घ्या. मागची दोन चाकं ओढणारी बग्गी आणि ५४० मापाची साधी ब्रश मोटर पुरे. किट जोडताना हात जिथे जिथे फिरतो, तिथलं काहीही मोडलं तरी पुन्हा दुरुस्त करता येतं. तयार गाडीचा पुढचा आर्म पहिल्याच दगडाला तुटला की नवशिक्या भांबावतो. एक बारकावा लक्षात ठेवावा. जपानी किटमधले चौफुलीचे स्क्रू आपल्याकडच्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरने घासले जातात. त्यांना जेआयएस या जपानी मापाचाच स्क्रूड्रायव्हर लागतो.

कोणतं मॉडेल घ्यावं हे वेगावर नाही, सुट्या भागांवर ठरवावं. खेळण्यांवरची मूळ आयात ड्यूटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेली. आधीच दुर्मिळ असलेला हा छंद त्यामुळे आणखी महागला. म्हणून ज्या गाडीचे आर्म, गिअर आणि बेअरिंग देशातल्या दुकानातून कुरिअरने घरी येतात, तीच गाडी चांगली. नायट्रो इंजिनाच्या गाड्यांचा आवाज भुरळ घालतो, पण मिथेनॉल-नायट्रोमिथेनचं इंधन सहजी मिळत नाही. इलेक्ट्रिकच घ्यावी.

आता माती. हा खेळ शेवटी मातीचाच आहे आणि इथे आपल्या भागाला काही शिकायला बाहेर जावं लागत नाही. काळी माती पावसाळ्यात चाकाला लोळ्याने चिकटते, उन्हाळ्यात भेगाळते; तिची बारीक धूळ बेअरिंगमध्ये शिरून त्यांचा जीव घेते. ट्रॅक करायचा तो मुरमाड बरडावर. मुरूम ओला करून दाबला की घट्ट बसतो, उडी मारून आलेल्या गाडीचा मारही सोसतो. हळद शिजवून-वाळवून झाली की शेतातल्या आखाड्यावरचं अंगण मोकळं होतं, तेवढ्या जागेत वळणांचा छोटा ट्रॅक सहज बसतो. कडांना जुने तुषार सिंचनाचे पाईप टाकावेत. धूळ दाबायला फवारणीचा पंप उत्तम, मात्र त्यात कधी औषध भरलं असेल तर आधी नीट धुवावा. टायर मातीप्रमाणे बदलतात : भुसभुशीत जागेला उंच, विरळ काट्यांचे; दाबलेल्या कडक जागेला बुटके, दाट काट्यांचे.

बॅटरीच्या बाबतीत हयगय नको. दोन सेलच्या लिपो बॅटरीचा व्होल्टेज ७.४, पूर्ण भरल्यावर ८.४. सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की खराब होतो. ५००० एमएएचची बॅटरी ५ अँपिअरने, बॅलन्स मोडवर, डोळ्यांसमोर चार्ज करायची. मे महिन्यातल्या पत्र्याच्या खोलीत ती ठेवू नये; फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जरला लावू नये, तिला आग लागू शकते. लोडशेडिंगची चिंता मात्र नको : हॉबी चार्जर बहुधा १२ व्होल्टवरही चालतो, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर भागतं.

चालवायला शिकताना सगळ्यांना एकच गोष्ट छळते. गाडी आपल्याकडे येत असली की डावं-उजवं उलटं होतं. दोन दगड ठेवून इंग्रजी आठाचा आकडा काढत राहावं, हळूहळू, बोटं आपोआप वळेपर्यंत. मग उडी. हवेत असताना ॲक्सिलरेटर दिला की चाकांचा वेग वाढतो आणि गाडीचं नाक वर उठतं; ब्रेक दाबला की नाक खाली येतं. हे एकदा जमलं की उतारावर चारही चाकं एकदम टेकवता येतात. यंत्रशास्त्राच्या पुस्तकात कोनीय संवेग म्हणून जे असतं, ते इथे बोटाला कळतं.

पूर्वी २७ मेगाहर्ट्झच्या रिमोटमध्ये क्रिस्टल बसवावे लागत आणि दोघांचा क्रिस्टल सारखा निघाला तर एकाला थांबावं लागे. आताचे २.४ गिगाहर्ट्झचे संच एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे चार पोरं चार गाड्या घेऊन एकदम उतरू शकतात. मोठ्या शर्यतीत पात्रता फेऱ्या बहुधा ५ मिनिटांच्या असतात आणि लॅप मोजायला गाडीत ट्रान्सपाँडर बसवतात. आखाड्यावर मोबाइलचं घड्याळ आणि एक वही पुरते. एक नियम मात्र पहिल्या दिवसापासून पाळावा : आपली फेरी संपली की पुढच्या फेरीला मार्शल म्हणून ट्रॅकवर उभं राहायचं, उलटलेली गाडी सरळ करायची, पण आधी दोन्ही बाजू बघून. दीड किलोची गाडी घोट्याला लागली तर चांगलीच लागते.